उस्मानभाईंची नोंद आणि सहावा हात

मेस चालवणाऱ्या बाईच्या घरात दोन गोष्टी आपोआप होतात. चमचे कमी होत जातात आणि किस्से वाढत जातात. चमचे कोण नेतं ते मला अजून कळलेलं नाही. किस्से मात्र पोरं, सर, कंडक्टर, दुकानदार असे सगळे आपल्या पायानं आणून टाकतात आणि खरकटं ताट ठेवावं तसे ठेवून निघून जातात. उचलायचे मलाच.

लातुरात माझी मेस. आधी डाळ मिलच्या हमालांची होती. पुढं क्लासेसचं पीक आलं तशी ती नांदेड, मुखेड, जळकोट अशा कुठून कुठून आलेल्या, डॉक्टर व्हायच्या पोरांची झाली. मी शाळा चौथीत सोडली. वाचन काही सुटलं नाही. परीक्षा संपली की पोरं खोलीवर पुस्तकं टाकून गावाला जायची. एका वर्षी त्यात विज्ञानकथांचा गठ्ठा निघाला. पहिली गोष्ट वाचत बसले आणि वरणात मीठ दोनदा पडलं. एकाही पोरानं तक्रार केली नाही. बारावीच्या पोरांना चव नसते, टक्के असतात.

मेस रविवारी संध्याकाळी बंद. त्या वेळेत माझ्या टेबलांवर आमचं विज्ञानकथा वाचक मंडळ भरायचं. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग भांडायचं. स्वयंपाक नसल्यामुळं भांडणाला वेळ भरपूर मिळायचा.

*

मंडळाची पाटी लावली भालेराव सरांनी. फिजिक्सचा क्लास घेणारा माणूस. शर्टाला कायम खडूची पावडर आणि प्रत्येक गोष्टीला नियम. पाटीवर लिहिलं: 'विज्ञानकथा वाचक मंडळ. दर रविवारी. प्रवेश खुला.'

लातुरात विज्ञान आणि प्रवेश हे दोन शब्द एका पाटीवर लिहिले की काय होतं, हे क्लास चालवणाऱ्याला तरी कळायला पाहिजे होतं. पुढच्या रविवारी दारात पालकांची ही गर्दी.

जळकोटकडचे एक पाटील पोरगं आणि तुरीच्या डाळीचं पोतं असं दोन्ही घेऊन आले. म्हणाले, "मावशी, हे मंडळ बारावीला किती मार्काला हाय?"

मी म्हटलं, "शून्य."

"मग पोरं कशाला येऊन राहिलीत?"

"पोरं येत नाहीत. तुमच्या-माझ्या वयाची माणसं येतात."

पाटील विचारात पडले. पोराला पोत्यावर बसवलं आणि आत येऊन घडीभर बसतो म्हणाले. त्या दिवशी समुद्राखाली शहर वसवलेल्या लोकांची गोष्ट चालली होती. दिवे लागेपर्यंत पाटील हलले नाहीत. बाहेर आल्यावर पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू कुठल्या बी क्लासला जा. मला हितं ॲडमिशन भेटलं."

*

मग पुण्याहून पत्र आलं. एका संस्थेनं मराठी विज्ञानकथेचा जाडजूड कोश करायला घेतला होता. मराठवाड्याच्या नोंदी आमच्या मंडळानं सुचवायच्या. लेखक, अनुवादक, मासिकं, सगळं ठीक. शेवटी एक ओळ होती. नुसते चाहते, म्हणजे ज्यांनी काही लिहिलेलं नाही, फक्त विज्ञानकथांचं वेड घेतलं, त्यांच्या नोंदी कोशात असाव्यात का? असल्या तर कुणाच्या? मत कळवा, शेवटचा शब्द संपादक जोगळेकरांचा.

समिती आम्ही तिघांची. भालेराव सर, मी आणि मुखेड-लातूर गाडीचा कंडक्टर गंगाधर.

सरांनी पहिल्याच बैठकीत नियम केला. "किमान एक विज्ञानकथा छापून आलेली असावी. ती असेल तर नोंद, नसेल तर नाही."

गंगाधर म्हणाला, "सर, छापून आली तर तो लेखक झाला. मग चाहता कुठं राहिला?"

"नियम आधी, शंका नंतर," सर म्हणाले.

नियमात बसणारा माणूस सापडला मुखेडला. वट्टमवार गुरुजी. त्यांची एक कथा एका दिवाळी अंकात आली होती. चंद्रावर ज्वारी पेरणाऱ्या शेतकऱ्याची. माहिती घ्यायला आम्ही तिघं गंगाधरच्याच गाडीनं मुखेडला गेलो. गुरुजी ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. सरांनी वही उघडून आदरानं विचारलं, "गुरुजी, ही कथा कशी सुचली?"

"कुठली कथा?"

"चंद्रावरची ज्वारी."

गुरुजींनी बराच वेळ शेंग हातात धरली. मग चेहरा उजळला. "हां हां. अंकाचं एक पान रिकामं राहिलं होतं. जाहिरात आली न्हाई ऐनवेळी. संपादक माझा मेव्हणा, म्हणाला, भाऊजी कायतरी लिहून द्या. मला काय माहीत चंद्राचं? ज्वारीचं माहीत होतं, तेवढं लिहिलं."

"आणि आवडते विज्ञानकथाकार?"

"नको नको," गुरुजी घाबरून म्हणाले, "मला भुताच्या गोष्टी आवडतात."

सरांनी सगळं लिहून घेतलं. पान भरून नोंद झाली. परतताना गाडीत गंगाधर तिकिटं फाडता फाडता एवढंच म्हणाला, "मेव्हण्याची पण नोंद घ्यायची का, सर?"

*

गंगाधरचं स्वतःचं म्हणणं वेगळं होतं. "चाहता कोण, तर ज्याचं वाचण्यापायी नुकसान झालं तो. नुकसान न्हाई तर चाहता न्हाई."

त्याचं झालं होतं. एकदा जळकोटच्या स्टँडवर गाडी थांबली आणि हा मागच्या सीटवर गोष्ट संपवत बसला. गोष्टीतला माणूस काळाच्या मागं जाऊन स्वतःच्याच लग्नात अडकलेला. आता अशा माणसाला सोडून बेल कशी मारायची? ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला आणि उतरून चहाला गेला. ड्रायव्हर गेला म्हणून प्रवासीही उतरले. तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. त्यांना दिसली उभी गाडी, आत एकटा कंडक्टर, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी.

"काय झालं? लंपास झाली का कॅश?"

"न्हाई साहेब. त्याचं लग्न मोडलं."

मेमो मिळाला. गंगाधरनं तो फ्रेम करून घरात लावला. समितीपुढं त्यानं तो फ्रेमसकट टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "वाचा सर. 'कल्पित कथा वाचण्यात गुंग असल्याने गाडीस विलंब.' सरकारी कागद हाय. छापील हाय. खाली सही-शिक्का हाय. गुरुजीकडं काय हाय? मेव्हणा."

सरांनी मेमो पालथा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. म्हणाले, "पण हे तू लिहिलेलं नाही."

"मी घडवलेलं हाय."

*

मग माझा नंबर. समितीतल्या माणसांचा परिचय पुण्यानं मागवला होता. शिक्षण या रकान्यात मी लिहिलं: 'चालू आहे.'

सर म्हणाले, "मावशी, तिथं चौथी लिहायचं असतं."

"चौथी मी तुमच्या जन्माच्या आधी झाले. तेव्हापासून काय झोपले होते?"

सरांनी विषय बदलला. म्हणाले, "नियम थोडा वाकवून तुमची चाहती म्हणून नोंद करता येईल का बघतो." मी लाटणं खाली ठेवलं. चाहती सिनेमाच्या नटाची असते. मी वाचते, आणि पटलं नाही तर लेखकाला जाब विचारते. एका लेखकानं लिहिलं होतं की पुढच्या काळात माणसं एक गोळी खातील आणि दिवसाचं जेवण होईल. मी त्याला कार्ड टाकलं. 'तुम्ही स्वयंपाक वाचवलात, त्याबद्दल बायका आशीर्वाद देतील. पण पंगत गेली तर सोयरे रुसणार कुठं? जेवताना रुसण्याची सोय करावी.' त्याचं उत्तर आलं: 'पुढच्या आवृत्तीत गोळीसोबत ताट वाढतो.'

गंगाधर म्हणाला, "सर, हिची नोंद न्हाई घेतली तर ही तुम्हाला बी कार्ड टाकेल."

मी सांगितलं, माझी नोंद नको. मला एकाच माणसाची नोंद पाहिजे होती. तो माणूस म्हणजे उस्मानभाई.

*

उस्मानभाई मनियार. गंजगोलाईच्या बाजारात बापजाद्यांपासूनचं बांगड्यांचं दुकान. बुटकी मूर्ती, मेंदी लावलेली दाढी, आणि स्वतःबद्दल अतिशय चांगलं मत. "लातूर जिल्ह्यात सायन्सचा माझ्याइतका शौकीन दुसरा न्हाई," हे ते कुणी विचारायच्या आत सांगायचे. मंडळात पहिल्या बाकावर बसायचे आणि वाचन चालू असताना लेखकाला दुरुस्त करायचे. रविवारी आमच्याकडं वाचलेली गोष्ट सोमवारी त्यांच्या दुकानात गेली की तिच्या लेखकालाही ओळखू आली नसती.

दुकानाची रीत अशी. बाईनं गादीवर बसायचं, उशीवर हात ठेवायचा. उस्मानभाई तो हात आपल्या हातात घेऊन पंजाची हाडं दाबत दाबत एकेक बांगडी चढवणार. बांगडी चढताना दुखतं. बाईचं लक्ष दुखण्यावर राहू नये म्हणून त्यांचे वडील गाणं म्हणायचे. उस्मानभाईंनी गोष्ट सुरू केली. गोष्ट बरोबर दोन हातांची. पहिला हात भरला की मध्यावर अडायची, दुसरा भरला की सुटायची. एका हातात बांगड्या भरून उठून गेलेली बाई लातुरात मी बघितली नाही.

सगळ्यांत गाजलेली गोष्ट त्यांची स्वतःची होती. एक मनियार, म्हणजे बांगड्या भरणारा, रॉकेटमध्ये बसून दूरच्या ताऱ्यावर जातो. तिथल्या बायकांना सहा हात. मनियार खूश, धंदा तिप्पट. पण तिथली राणी पाचच हात पुढं करते, सहावा पाठीमागं धरते. मनियार म्हणतो, दे. राणी म्हणते, नाही. मग त्या सहाव्या हातात होतं काय?

इथं पहिला हात संपायचा.

काय होतं, हे उस्मानभाई प्रत्येक बाईला वेगळं सांगायचे. मला सांगितलेलं मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या शेजारणीला सांगितलेलं तिनं मला सांगितलं नाही. आणि ही बाई मला तिच्या सुनेच्या ओकाऱ्यासुद्धा सांगते.

भालेराव सरांनी एकदा अडवलं, "उस्मानभाई, सहा हात म्हणजे खांद्याची रचना कशी असेल, याचा विचार केलाय का?"

"ते ब्लाऊज शिवणाऱ्याला विचारा, सर. मी मनगटाचा माणूस."

*

आता नोंदीसाठी मी एवढी का भांडत होते, ते सांगते. उस्मानभाईंचा मुलगा सलीम. गुणी आहे, हिशेबी आहे, बापावर जीव आहे. पण दुकानासमोर क्लास झाला, बाजूला क्लास झाला, वरच्या मजल्यावर होस्टेल झालं. सलीमनं एक दिवस माझ्या मेसमध्येच विषय काढला.

"अब्बा, पोरं नोट्सच्या झेरॉक्ससाठी स्टँडपर्यंत चालत जाऊन राहिलीत. बांगड्या काढू, मशीन टाकू. तुमचे गुडघे बी दुखतात."

उस्मानभाईंनी भाकरी मोडायची थांबवली. "माझी पुण्याच्या कोशात नोंद होणार हाय. नोंद झालेल्या माणसाची गादी उचलतात का कुठं?"

"झाली तर हात लावणार न्हाई दुकानाला."

"आणि न्हाई झाली तर मशीन," बाप स्वतःच म्हणाला. "मावशी, तुम्ही साक्षीला."

हातावर हात पडला. सरांना ही नियमाची गोष्ट वाटत होती. इकडं माणसानं त्यावर गादी पणाला लावली होती.

*

सर वाईट माणूस नाही. म्हणाले, "छापलेलं नसेल तर निदान रेकॉर्ड केलेलं असू द्या. मी पुण्याला पाठवतो." रविवारी टेपरेकॉर्डर आणला, नवी कॅसेट घातली, माईक उस्मानभाईंच्या हातात दिला. "बोला."

उस्मानभाई बोलेनात. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी माईक डाव्या हातात धरला, उजव्या हातानं हळूच दाबून पाहिला, फिरवून पुन्हा दाबला. कॅसेट फिरत होती. शेवटी त्यांनी माईक टेबलावर ठेवला.

"याला हाड न्हाई, सर."

मी म्हटलं, "माझा हात धरा." त्यांनी धरला, आणि लगेच सोडला. "मावशी, तुम्हाला गोष्ट माहीत हाय. ऐकलेल्या हाताला ती सुटत न्हाई."

आणि सरांनी, नियमाप्रमाणं वागायचं म्हणून, ती कॅसेट तशीच पुण्याला पाठवली. जोगळेकरांचं उत्तर आलं: 'कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकली. एका ठिकाणी हाडाचा उल्लेख आहे, एका ठिकाणी एक महिला चहा हवा का, असे विचारते. कथा आढळली नाही.'

*

त्यानंतरच्या बैठकीत मी सरांना भूकंपाच्या वेळची हकिगत सांगितली.

भूकंप झाला त्या आठवड्यात मी माझी मोठी पातेली टेम्पोत घालून औशाकडं गेले होते. गावाच्या जागी दगडांचे ढीग आणि बाहेर माळावर पत्र्याची शेडं. मी भात टाकत होते तर समोरून उस्मानभाई, डोक्यावर बांगड्यांची पेटी. मला असा राग आला. "डोकं ठिकाणावर आहे का? इथं कुणाच्या हातात भरणार? अर्ध्या बायांचे नवरे ढिगाऱ्यातून काढलेत."

ते पेटीवर बसून राहिले. म्हणाले, "मावशी, घरी बसवेना. मला दुसरं काय येतं?"

तेवढ्यात एक म्हातारी उठली. तिचे हात मोकळे होते. ती येऊन त्यांच्यासमोर बसली आणि हात पुढं केला. उस्मानभाईंनी पेटीकडं हात नेला तर म्हणाली, "बांगडी नगं. नुसता धर आन् बोल."

त्यांनी तो हात धरला. बांगडी नसताना पंजाची हाडं तशीच दाबत गेले, आणि मनियार ताऱ्यावर गेला. म्हातारी रडली नाही, हसली नाही. एक हात झाला, तिनं दुसरा दिला. शेवटी त्यांनी तिच्या कानाशी वाकून सहाव्या हातात काय होतं ते सांगितलं. म्हातारीनं मान हलवली, "हाव," म्हणाली, आणि उठून भात वाढून घेतला. तीन दिवसांत पहिल्यांदा, असं तिच्या पुतणीनं मला सांगितलं.

तिच्या मागं दुसरी बसली. मग तिसरी. रांग लागली. त्या वेळी माळावर कुठंही रांग दिसली की माणसं मागं उभी राहायची. पलीकडच्या शेडमधला एक बाप्या धावत आला.

"काय वाटून राहिलेत?"

"गोष्ट," पुढचा म्हणाला.

"कार्ड लागतं का?"

"न्हाई, हात लागतो."

त्या बाप्यानं स्वतःच्या हातांकडं बघितलं. मग शर्टाची बाही वर करून रांगेत उभा राहिला.

मी बोलायची थांबले. गंगाधर भिंतीकडं बघत होता. सरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. म्हणाले, "नियमात बसत नाही." मग पेन उघडून पुण्याला लिहिलं: 'समितीचे एकमत नाही. संपादकांनी स्वतः येऊन पाहावे.'

*

जोगळेकर आले ते नेमके पितृपंधरवड्यात. पंधरवड्यात कुणी बाई नव्या बांगड्या भरत नाही. गंजगोलाई माणसांनी भरलेली आणि उस्मानभाईंच्या दुकानात गादी, उशी आणि आम्ही. सलीम दाराशी उभा, झेरॉक्स मशीनचं रंगीत पत्रक खिशात घडी करून ठेवलेलं. अर्धं बाहेर दिसत होतं.

जोगळेकर उंच, सडपातळ, पांढरा फुलशर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. बोलणं मऊ. "मला फक्त एक कथा ऐकायची आहे. ऐकली की निर्णय देतो."

"गिऱ्हाईक येऊ द्या, साहेब," उस्मानभाई म्हणाले.

चहा झाला. दुसरा चहा झाला. एक बाई पायरीपर्यंत आली, तिनं पिना घेतल्या आणि गेली. जोगळेकरांनी घड्याळ बघितलं. "माझी गाडी आहे. मी परत गेल्यावर एवढंच लिहू शकेन की काही ऐकायला मिळालं नाही. तुमच्याबद्दल आदर आहे, पण ज्याची खात्री करता येत नाही, ते मी कोशात कसं घालू?"

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. उस्मानभाईंनी उशीवरची धूळ झटकली. तिच्यावर धूळ नव्हती. सलीम जमिनीकडं बघत होता.

मी म्हटलं, "जोगळेकर, हात तुम्हालाही आहेत."

"मला?"

"पुण्यात हात वेगळे असतात का?"

ते हसले. मग मी हसत नाही हे बघून थांबले. बाहेर बघितलं, आत बघितलं. मग पिशवी उतरवली, गादीवर मांडी घातली, डाव्या हाताचं बटण काढलं, बाही दुमडली आणि हात उशीवर ठेवला. "बांगड्या नकोत. नुसता धरा."

"नुसता हात मी औशाच्या माळावर धरला, साहेब," उस्मानभाई म्हणाले. "दुकानात भरल्याशिवाय न्हाई. सलीम, दोन-दहाचं माप काढ."

दोन-दहा हे दुकानातलं सगळ्यांत मोठं माप. सलीम हलला नाही. उस्मानभाईंनी स्वतःच गादीखालच्या खणात चाचपून एक सुटा जुडगा काढला. हिरव्या. एका हाताला पुरतील एवढ्याच.

पहिली बांगडी चढताना जोगळेकर कळवळले. "एक मनियार होता," उस्मानभाईंनी सुरुवात केली, आणि हाडं दाबायला लागले.

दुसऱ्या बांगडीला रॉकेट उडालं. नंतरच्या बांगड्या केव्हा चढल्या ते जोगळेकरांना कळलंच नसावं. पायरीवर माणसं जमली. समोरच्या क्लासची पोरं वह्या छातीशी धरून उभी राहिली. कुणीतरी हसत म्हणालं, "पुण्याचे साहेब बांगड्या भरून राहिले." मी मागं वळून बघितलं, मग नाही कुणी हसलं. राणीनं पहिला हात दिला, दुसरा दिला, पाचवा दिला. जोगळेकर पुढं झुकले होते, तोंड थोडं उघडं. सहावा हात पाठीमागं गेला. मनियार म्हणाला, दे. राणी म्हणाली, नाही.

शेवटची बांगडी मनगटावर सरकली. उस्मानभाई थांबले. रुमालानं हात पुसायला लागले, सावकाश, एकेक बोट.

"मग?" जोगळेकर म्हणाले. "काय होतं त्या हातात?"

उस्मानभाईंनी रुमालाची घडी घातली.

"अहो, सहाव्या हातात काय होतं?"

माझ्या मागं खडखड झाली. सलीम स्टुलावर चढून सगळ्यांत वरच्या फळीवरचा दोन-दहाचा डबा काढत होता.

उस्मानभाईंनी उशी थोडी पलीकडं सरकवली.

"दुसरा हात द्या, साहेब."